परत येणाऱ्याचे घर : मुक्तिसंग्रामाच्या वाङ्मयातील एक रिकामी जागा

नवीन जालन्यात १७ सप्टेंबरच्या आगेमागे वक्तृत्वस्पर्धा होतात आणि मराठी शिकवणारा म्हणून परीक्षकाच्या खुर्चीवर मला बसविले जाते. गेल्या काही वर्षांत हैद्राबाद मुक्तिसंग्रामावरची शंभरेक भाषणे मी ऐकली असतील. त्या सर्व भाषणांतून एकच तरुण चालत येतो. तो कॉलेज सोडतो, रात्रीच्या अंधारात निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात जातो, सरहद्दीवरच्या कॅम्पात बंदूक शिकतो, रझाकारांच्या ठाण्यावर चालून जातो. आणि सप्टेंबर १९४८ मध्ये, जुलमी राजवट कोसळल्यावर, हातात तिरंगा घेऊन घरी परततो. दारात आई उभी असते. ती भाकरतुकडा ओवाळून टाकते. टाळ्या पडतात. घंटा वाजते.

हा तरुण खोटा नाही, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. स्टेट काँग्रेसवर १९३८ साली ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. १९४७ च्या ऑगस्टपासून ‘हिंदी संघराज्यात सामील व्हा’ या मागणीसाठी शाळा-कॉलेजे ओस पडली. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी गावे जाळण्यास सुरुवात केल्यावर हजारो कुटुंबे वऱ्हाड, खानदेश, नगर, सोलापूर या बाजूंना गेली. आमच्या जालन्याहून देऊळगाव राजा सुमारे तीस किलोमीटर; एका रात्रीत बैलगाडी तिथे पोचते. उमरखेडच्या बाजूच्या कॅम्पातील तरुणांनी ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर छापा घातला, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. या तरुणांचे धैर्य मोठे होते. ते कमी लेखण्याचा अधिकार मला नाही, आणि तशी इच्छाही नाही.

माझे भांडण आहे ते त्या दाराशी. वाङ्मयाचा वाचक म्हणून मला असे दिसते की, मुक्तिसंग्रामावरच्या आठवणी, चरित्रे, गौरवग्रंथ आणि त्यांवर पोसलेली ही शालेय भाषणे जाण्याविषयी भरभरून बोलतात, कॅम्पाविषयी त्याहून अधिक बोलतात, आणि परत येण्याविषयी मात्र दोन-चार ओळींत आटोपते घेतात. जणू परत येणे ही घटनाच नव्हे. पडदा पडण्यापूर्वीची एक मुद्रा.

जगाच्या वाङ्मयात असे नाही. उरुग्वेचा लेखक मारिओ बेनेदेत्ती लष्करी राजवटीमुळे अनेक वर्षे परदेशांत भटकला. घरी परतण्याची वेळ आली तेव्हा ‘हद्दपारी’ या शब्दाला उलटा उपसर्ग लावून त्याने ‘देसएक्सिलिओ’ हा नवा शब्द घडविला. हद्दपारीतून बाहेर पडणे हेदेखील एक दुखणे आहे, त्याला स्वतंत्र नाव हवे, असे त्याला वाटले. चिलीत ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता बळकावली. होसे दोनोसो याने १९८६ साली जी कादंबरी प्रसिद्ध केली तिचा नायक हा अनेक वर्षांनी सान्तियागोला परतणारा गायक आहे. हुकूमशाही अजून चालू आहे, आणि त्याला आपले शहर आपले वाटत नाही. परतलेल्याला आपल्या घरात परके वाटते, शेजाऱ्याने या काळात काय केले हा प्रश्न त्याला झोपू देत नाही, जे मागे राहिले ते त्याच्याकडे संशयाने पाहतात. या अस्वस्थतेतून तिकडे चांगले वाङ्मय जन्माला आले.

आपल्याकडे हैद्राबादच्या परतीतून असे काही का निपजले नाही? उत्तर सोपे आहे आणि कडू आहे. परतलेल्याला त्याचे घर जसेच्या तसे मिळाले. वाडा होता. शेत होते, कुळ होते, वकिली होती. निजाम गेला, जहागिरी १९४९ साली रद्द झाल्या, पण गावाची रचना कुणी हलविली नाही. ज्याला घर जसेच्या तसे परत मिळते त्याला घराविषयी प्रश्न पडत नाही, आणि प्रश्न पडत नाही तिथे वाङ्मय थांबते. उरतो तो गौरव.

‘परागंदा’ हा शब्द आपण मराठी म्हणून वापरतो. तो फारसीतून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ विखुरलेला, पांगलेला. मराठवाड्याच्या बोलीत तो अजून जिवंत आहे. पण तो कोणाला लागतो हे पाहण्यासारखे आहे. पाटील परागंदा होतो, देशपांडे परागंदा होतात. महार, मांग, चांभार यांना गाव सोडावे लागले तर ते ‘पळून गेले’. वनवासाचेही तसेच. वनवास राजपुत्राला असतो, कारण त्याची अयोध्या त्याची वाट पाहत असते. गावकुसाबाहेर जन्मलेल्याने वनवासाला कुठे जायचे आणि तिथून परत कुठे यायचे? वामन निंबाळकरांनी १९७३ साली आपल्या संग्रहाला ‘गावकुसाबाहेरील कविता’ हे नाव दिले तेव्हा त्यांनी एक पत्ताच लिहिला होता.

माझी आजी सन अठ्ठेचाळीसची गोष्ट सांगायची. आमच्या गावाचे नाव मी येथे लिहीत नाही; तिथे आमचे लोक अजून राहतात. आजीच्या सांगण्यात दोन पळापळी होत्या. पहिली पावसाळ्याच्या आधीची. गावातल्या मोठ्या घरांनी गाड्या जुंपल्या आणि रातोरात वऱ्हाडाची वाट धरली. ज्या घरांत गाड्या पुरल्या नाहीत त्यांची बोचकी माझ्या आज्याने आणि त्याच्या भावाने डोक्यावर घेतली. हद्दीपर्यंत गेले, ओझे उतरविले आणि उलट पावली परत आले. तुम्ही तिकडेच का राहिला नाहीत, असे मी विचारले तेव्हा आजी म्हणाली, “ओझंवाल्याला कोन इचारतंय, तू कुठं चालला म्हून?” एकाच वाटेने, एकाच रात्री, एकाच हद्दीपर्यंत दोन माणसे गेली. त्यांतला एक स्वातंत्र्यसैनिक कुटुंबाचा इतिहास झाला. दुसऱ्याचे जाणे हे जाणेच ठरले नाही.

दुसरी पळापळ सप्टेंबरनंतरची. ही आमची होती, आणि तिच्याविषयी भाषणात कोणी बोलत नाही.

येथे थोडे मागे गेले पाहिजे, आणि आपल्या बाजूचेही सांगितले पाहिजे. निजाम सरकारने शेवटच्या वर्षांत अस्पृश्यांना जवळ करण्याचे प्रयत्न केले. अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी एक कोटीचा निधी जाहीर झाला. ठिकठिकाणी पडीक व गायरान जमिनी कसायला मिळाल्या. बी. एस. व्यंकटराव हे लायक अलींच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले. औरंगाबादेत जन्मलेले बी. श्यामसुंदर हे निजामाच्या शिष्टमंडळातून पॅरिसला गेले. १६ सप्टेंबर १९४८ रोजी सुरक्षा परिषदेपुढे हैद्राबादचा प्रश्न आला तेव्हा भारतीय फौजा राज्यात शिरून तीन दिवस झाले होते. बाबासाहेबांचा मार्ग हा नव्हता. १९४७ च्या नोव्हेंबरातच त्यांनी जाहीर पत्रक काढून हैद्राबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका, असे बजावले होते. तो इशारा योग्य होता असे माझे मत आहे. काही ठिकाणी आपली माणसे रझाकारांच्या बाजूने उभी राहिली, हे नाकारून चालणार नाही. आपल्या लेखकांनी या पानावर बोट ठेवायचे टाळले आहे, आणि तेही मला मान्य नाही. पण ज्या माणसाच्या सात पिढ्यांच्या नावावर हातभर जमीन नव्हती त्याने समोर आलेली चार एकर पडीक धरली, तर त्याचे हे कृत्य राजद्रोहाच्या खात्यात मांडावयाचे काय? त्या जमिनीचे पोट जाळण्यापलीकडे काही राजकारण होते काय?

गावाने ते राजद्रोहाच्याच खात्यात मांडले. पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. जालना त्याआधीच भारतीय फौजांच्या हाती आले होते. नंतरच्या आठवड्यांत काय झाले ते पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षाअखेर हिंडून पाहिले. मेलेल्यांचा तिचा अंदाज, हात राखून केलेला, सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे आणि त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन मराठवाड्यातले. हा अहवाल साठ-पासष्ट वर्षे लोकांपुढे आला नाही. तेव्हा त्या तरुणाच्या आईने भाकरतुकडा ओवाळला त्या गल्लीत शेजारचे कोणते दार बंद होते, आणि त्या दाराआडचे लोक कुठे गेले होते? कॅम्पातून परतलेल्या संवेदनशील तरुणाला हे दिसले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. दिसले असेल. लिहिले गेले नाही.

आमच्या वस्तीचे म्हणाल तर आजी सांगायची की उभी ज्वारी होती, तिच्यात तीन रात्री काढल्या. लेकराच्या तोंडात चिंधी कोंबून. आज्याने दोन हंगाम कसलेल्या पडिकात गावाची जनावरे सोडली गेली. ती जमीन पुन्हा त्याला मिळाली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तेव्हा आजा तुरुंगात गेला होता, आणि ते तो अभिमानाने सांगे. मात्र अठ्ठेचाळीसविषयी विचारले की उठून बाहेर जाई. गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय नोव्हेंबर १९९१ मध्ये निघाला. त्याआधीच आजा वारला होता.

आता ग्रंथांकडे वळू. अनंत भालेराव यांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा १९८७ चा ग्रंथ या विषयावरचा मराठीतला मुख्य ग्रंथ आहे. मी तो विद्यार्थ्यांना वाचायला देतो. भालेरावांचे गद्य कसदार आहे आणि लढ्यात स्वतः उतरलेल्या माणसाची ऊब त्यात आहे. पण तो स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांनी पाहिलेला लढा आहे. हा ग्रंथाचा दोष म्हणून मी सांगत नाही. ते त्याचे स्थान आहे. दोष आमच्या अभ्यासमंडळांचा आहे, ज्यांनी या एका डोळ्याला मराठवाड्याचे दोन्ही डोळे मानले. पी. आर. व्यंकटस्वामी यांनी हैद्राबादच्या अस्पृश्यांच्या चळवळीचा वृत्तांत ‘अवर स्ट्रगल फॉर इमॅन्सिपेशन’ या नावाने १९५५ सालीच इंग्रजीत छापला होता. त्याचेही शीर्षक मुक्तीचेच आहे. तोही त्याच राज्यातला, त्याच वर्षांचा वृत्तांत. जालन्यातल्या किती प्राध्यापकांनी तो हाती घेतला आहे? मी स्वतः एम. ए. होईपर्यंत त्याचे नाव ऐकले नव्हते. पहिल्या पिढीचा पदवीधर कोणती पुस्तके वाचणार हे त्याच्या मास्तरांच्या कपाटावरून ठरते.

भालेरावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. आणीबाणीत ते पुन्हा तुरुंगात गेले. म्हणजे एका आयुष्यात दोन राजवटींशी झुंज. १९७७ साली आणीबाणी उठली, लोक घरोघरी परतले. आणि पुढच्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला तेव्हा त्यांचे दैनिक ‘मराठवाडा’ नामांतराच्या विरोधात उभे राहिले. गोविंदभाई श्रॉफही विरोधात गेले. ही माणसे दंगलखोर नव्हती. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी अस्मितेची भाषा केली. ‘मराठवाडा’ या नावासाठी आपण लढलो, ते पुसू नका, असे ते म्हणत होते. पण कोणाचा मराठवाडा? अठ्ठेचाळीस साली ज्याला घर परत मिळाले त्याला ते नाव स्वतःच्या घराचे वाटत होते. ज्याला मिळाले नाही त्याने त्या घराच्या दारावर आपल्या बापाचे नाव लावा म्हटले, तेव्हा घरमालकाला ते अतिक्रमण वाटले. परतीच्या कथेत जी जागा रिकामी राहिली होती तीच तीस वर्षांनी पेटली.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्या ऑगस्टात मारले गेले. मराठवाड्यातल्या शेकडो गावांत वस्त्या जळाल्या, आणि माणसे पुन्हा पांगली. माझे वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. ते रात्रभर चालत जालना स्टेशनला आले. तिथून एका नातेवाइकाच्या आधाराने कुंडलिका ओलांडून नवीन जालन्यात. तीन महिने त्यांनी बाजारात हमाली केली. मग दिवाळीनंतर गावी परतले. वडिलांच्या परतण्याची गोष्ट मी अनेकदा विचारून घेतली आहे आणि ती दर वेळी तेवढीच असते. वेशीजवळ पारावर माणसे बसली होती. त्यांतला एक, ज्याच्या शेतात वडिलांनी लहानपणी ढोरे राखली होती, म्हणाला, “आला का रे? आता नीट ऱ्हाय.” बस, एवढेच. घराच्या जागी चार काळ्या मेढी होत्या. वडिलांनी त्या उपटल्या, नव्या रोवल्या, आणि त्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरला नाही. आमच्या घरात पदवी यायला आणखी एक पिढी लागली ती यामुळे.

“आला का रे? आता नीट ऱ्हाय.” हे वाक्य ऐकल्यापासून त्या ओवाळणीच्या प्रसंगाकडे मी सरळ नजरेने पाहू शकत नाही. तिथे धमकी आहे, पण मला अधिक जाचते ते त्यातले आपलेपण. हाकलणारा आणि परत घेणारा एकच, आणि दोन्ही वेळा मालकी त्याचीच. हुकूमशहा हैद्राबादेत किंवा दिल्लीत असला तर तो कधीतरी पडतो. पाराच्या राजवटीला कोणती तारीख लावायची? १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. वडिलांनी पेढे वाटले, जालन्यात, गावात नाही.

आता आपल्या स्वतःच्या वाङ्मयाला हाच प्रश्न विचारला पाहिजे. नामांतराच्याच वर्षी दया पवारांचे ‘बलुतं’ आले, मग १९७९ मध्ये प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. या आत्मकथनांनी मराठी गद्याला नवी भाषा दिली हे सांगून सांगून झाले आहे. सोनकांबळे तर आपल्या मराठवाड्याचे. पण आपल्या आत्मकथनांच्या पुढच्या पिकात एक साचा तयार झाला आहे, आणि तो गाव सोडण्याचा आहे : वसतिगृह, शिष्यवृत्ती, शहर, नोकरी, कॉलनी. परतणे येते ते भेटीपुरते, मयतीला, जयंतीला. लेखक गावी जातो, आई रडते, तो एस. टी. पकडतो. सवर्णांच्या मुक्तिगाथेत परत येणे दोन ओळींत आटोपले कारण घर शाबूत होते. आपल्यात ते दोन ओळींत आटोपते कारण घर नव्हते, आणि त्या नसण्याकडे पाहायला आपण थांबत नाही. जो परत गेला आणि तिथेच राहिला, मेढी रोवल्या, त्याच पाराखालून चाळीस वर्षे ये-जा केली, निवडणुकीला उभा राहिला किंवा राहिला नाही, त्याचे पुस्तक कुठे आहे? तो पदवीधर नाही म्हणून त्याचे पुस्तक नाही, असे म्हणून आपण सुटू शकतो. पण मग आपणही मास्तरांच्या कपाटाचेच वारस झालो.

श्यामसुंदरांचीही गोष्ट कोणी मराठीत नीट लिहावी असे मला वाटते. पॅरिसला ते निजामाच्या बाजूने गेले, आणि वीस वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांनी भीमसेना उभी केली. या दोन टोकांमध्ये एक परत येणे आहे. पडलेल्या राजवटीच्या बाजूने परत येणे. असा माणूस कोणत्या घरी येतो? त्याला नायक करण्याची गरज नाही. परंतु कादंबरीचे द्रव्य त्याच्यात आहे, त्या ओवाळून घेणाऱ्या तरुणापेक्षा कितीतरी अधिक.

गेल्या स्पर्धेत जुन्या जालन्यातली एक मुलगी बोलायला उभी राहिली. तिने नेहमीचे भाषण केले नाही. तिच्या पणजीने त्या दिवसांत एका शेजारणीला धान्याच्या कणगीत लपविले होते, तेवढेच तिने सांगितले; शेजारीण मुसलमान होती. सात मिनिटांपैकी चारच मिनिटे बोलली, आणि शेवटी तिरंगा वगैरे काही आला नाही. माझ्या सोबतच्या दोन परीक्षकांनी ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा मारला. मी दिलेले गुण त्यांच्या बेरजेत बुडाले. कार्यक्रम संपल्यावर मी तिला विचारले, हे तुला कोणी सांगितले? ती म्हणाली, आजीने; पणजीला विचारायचे राहून गेले.

अठ्ठेचाळीस साली ज्यांना कळत होते ती माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. अठ्ठ्याहत्तरला विशीत असलेले पासष्ट-सत्तरचे झाले. आपल्या महाविद्यालयांतून प्रकल्पाच्या नावाखाली मुले इंटरनेटवरून मुक्तिसंग्राम उतरवून आणतात आणि आपण त्यावर सह्या करतो. या वर्षीपासून मी माझ्या वर्गाला एकच काम दिले आहे : आपल्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि ‘तुम्ही कसे पळालात’ हे विचारू नका, ‘परत कधी आलात, आणि पहिल्या दिवशी तुमच्याशी कोण काय बोलले’ एवढे विचारा. तेवीस मुलांनी लिहून आणले आहे. त्यांतल्या अकरा जणांच्या कागदावर पारावरचे ते वाक्य थोड्या फरकाने आहे. दोघांच्या कागदावर असे आहे की, कोणीच काही बोलले नाही.